परेडचे लाडू

२ फेब्रु., सोम.
चिन्याचा फोन. फौजेचं ट्रेनिंग संपत आलं, शपथ घ्यायची कसम परेड महिनाअखेरीस. ज्या सेंटरला ह्यांची झाली, तिथेच पोराची. फोन ठेवून हे गॅलरीत गेले आणि कुंड्यांना पाणी घालत बसले. सकाळीच घातलं होतं मी.
हल्ली आई-वडिलांच्या छातीवर गौरव पदक लावतात म्हणे. ह्यांच्या वेळी नव्हतं तसलं काही. असतं तरी लावलं कोणाला असतं? ह्यांच्या परेडला घरचं कुत्रंही फिरकलं नव्हतं, थोरल्या भाऊजींच्या कृपेने. (यापुढे थो. भा. पूर्ण नाव लिहून शाई कशाला घालवू.)
या वेळी हिशेब चुकता करायचा. शेवटच्या रांगेत बसवते त्यांना. उन्हात.

५ फेब्रु.
थो. भा. स्वतः आमच्या सुदामा नगरच्या घरी हजर, मिठाई घेऊन. "घराण्याचं रक्त आहे सुनंदा, कुठे जाणार?"
हेच गृहस्थ. आमचे हे फौजेत भरती झाले तेव्हा थो. भा. म्हणाले होते, आपल्या घराण्यात हुकूम देतात, झेलत नाहीत. शिपायाची परेड बघायला कोण जाणार? वर सासऱ्यांनाही जाऊ दिलं नाही. आणि घराणं म्हणजे काय, तर पणजोबा संस्थानात कारभारी, आणि थो. भा.च्या ड्रॉइंगरूममध्ये भिंतीवर एक तलवार. त्या तलवारीने आजवर कोणी काकडी कापलेली नाही.
चहा दिला. साखर कमी घातली. सध्या तेवढंच हातात.

८ फेब्रु., रवि.
ह्यांचे दोन जुने फौजी दोस्त पोह्यांना. बस, परेडच्या गोष्टी सुरू. एकाची आई बँड वाजल्यापासून जी रडायला लागली ती गाडीत बसेपर्यंत. दुसऱ्याच्या बापाने ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादचे पाय धरले, "अब ये आपका." हसून हसून पुरेवाट. मग एकाने विचारलंच, "भिया, तुमच्याकडून कोण आलं होतं?"
"अपन तो उस्ताद के साथ लंगर में खाये." ह्यांचं ठरलेलं उत्तर. लंगर म्हणजे फौजेची खानावळ.
खरं मला एकटीला माहीत आहे. लग्नानंतर एकदाच सांगितलं. सगळ्यांची माणसं झाडाखाली डबे उघडून बसलेली, आणि हे पाण्याच्या टाकीमागे. कोणाची तरी आई, हिरव्या लुगड्यातली, ह्यांना शोधत आली आणि हातावर जलेबी ठेवली. ती ह्यांना गिळवेना. तेव्हापासून इंदौरात राहून हा माणूस पोह्यांबरोबर जलेबी घेत नाही. लोक विचारतात, शुगर आहे का. आम्ही हो म्हणतो.

१२ फेब्रु.
सासूबाईंची तिथी. शेवटी शेवटी रोज ह्यांना विचारायच्या, "परेडला लाडू मिळाले ना रे? बेसनाचे?" कसले लाडू नि काय. मी म्हणायचे, आईंचं डोकं चालेनासं झालंय. हे मात्र दर वेळी, "हो आई, मिळाले. मस्त होते."

१७ फेब्रु.
ह्यांनी थो. भा.चंही तिकीट काढलं. मला न विचारता. जाम भांडले मी. "एकच भाऊ आहे," म्हणे. एकच होता तेव्हाही.

२८ फेब्रु., शनि. सेंटर.
चिन्या ओळखू येईना. सगळे सारखेच, सगळ्यांच्या माना ताठ. मग नाकावरून सापडला. पदक लावलं मला, ह्यांनाही. ह्यांनी पदक लावणाऱ्या साहेबाला असा सॅल्यूट ठोकला की साहेबही क्षणभर बघत राहिले. रडले नाही असं लिहिणार होते मी, पण रडले.
थो. भा. शामियान्यात, सावलीत. माझं उन्हाचं काही जमलं नाही. ह्यांनी स्वतःची पाण्याची बाटलीही त्यांनाच दिली.
नंतर झाडाखाली बसलो. चिन्याने जलेबी आणली. ह्यांनी नको म्हटलं. तर थो. भा. ग्राउंडकडे बघत बोलून गेले, "तेव्हाही खाल्ली नाहीस. ती हिरव्या लुगड्यातली बाई किती आग्रह करत होती, टाकीपाशी."
हे ताडकन त्यांच्याकडे वळले. मी पण. जलेबीचं मला सोडून जगात कोणाला माहीत...

१ मार्च. गाडीत.
विचारलं. थो. भा.ना सरळ विचारलं, हे नको नको म्हणत असताना.
आले होते. सासूबाईंनी गुपचूप पाठवलं होतं, बेसनाच्या लाडवांचा डबा देऊन. टाकीच्या अलीकडे डबा घेऊन उभे होते. "घरात पाय ठेवू नकोस म्हटलं होतं मी त्याला. काय तोंडाने पुढे जाणार?" तसेच परत फिरले.
"आणि लाडू?"
"गाडीत वाटले. आईला सांगितलं, दिले."
म्हणजे ती म्हातारी मरेपर्यंत खरंच विचारत होती. आणि आम्ही तिला वेडी ठरवली.
हे म्हणाले, "दादा आला होता तर." आणि चक्क हसले. मला साखळी ओढून एकाला तरी खाली उतरवावंसं वाटलं, कोणाला ते ठरत नव्हतं. अहो, आले आणि हात आखडून उभे राहिले. न येणं परवडलं असतं.

५ मार्च
ह्यांच्याशी बोलत नाहीये.
अन्नपूर्णाच्या हॉलमध्ये १५ तारखेला आपल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम, चिन्याच्या आई-वडिलांचा सत्कार. सत्काराला तलवार घेऊन कोण? घराण्याचे वडीलधारे, थो. भा. आणि मला सांगितलंय, दोन शब्द बोला.
देव देतो तेव्हा असा देतो. खजराण्याला जाऊन आले. गणपतीला म्हटलं, एरवी विघ्नं हरतोस ते ठीक, या वेळी मध्ये पडू नकोस.

८ मार्च, रंगपंचमी
रंगांची मिरवणूक, गेर, बघायला गेलो नाही. कोपऱ्यावर पोहे खाल्ले. ह्यांनी जलेबी मागितली. स्वतःहून. सगळी खाल्ली, वर बोट चाटलं.
"कशी आहे?"
"गोड."
आनंद व्हायला हवा होता. इतका राग आला. इतक्या वर्षांची जलेबी बुडवली त्या माणसाने, आणि हे एका वाक्यात माफ करून मोकळे. मी नाही करणार. घरात एकाने तरी लक्षात ठेवायला हवं.

१४ मार्च, शनि.
बेसन भाजलं. मंद आचेवर, सासूबाईंसारखं, हात भरून येईपर्यंत. त्यांचाच पितळी डबा घासून काढला.
बेत असा: माइकवर जायचं, डबा उघडायचा, आणि हे लाडू कोणाचे, कोणाला पोचायचे होते, कोणी पोचू दिले नाहीत, ते सगळ्या हॉलला सांगायचं. तलवारीसकट.
हे स्वयंपाकघरात आले. वासावरूनच कळलं त्यांना. एकही लाडू उचलला नाही.
"उद्या बोलणार आहेस?"
"हो."
"बोल. पण डबा आधी दादाच्या हातात दे. आईने त्याच्याकडे दिला होता. त्यालाच तो मला देऊ दे."
एवढं बोलून पदकाची फीत सरळ करत बसले.

१५ मार्च, रवि. सकाळ.
हिरवी साडी काढली आहे. मुद्दाम.
खाली रिक्षा आली आहे. डबा मांडीवर घेऊन बसणार. थो. भा.च्या हातात देईन, तेवढं कबूल केलंय ह्यांना. गप्प बसेन असं काही कबूल केलेलं नाही.