कवितेतला मुलगा

चि. सौ. नागवेणीस, म्हैसूरहून तुझ्या अक्काचे आशीर्वाद.

मी बरी आहे. सूनबाई दोनदा कॉफी देते. पातळ असते, पण गरम असते. गौरी व्याली का? सुपारी सोलायला बायका मिळाल्या का?

आपल्या श्रीधराला कवितेचं बक्षीस मिळालं. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. नव्या तऱ्हेची कविता, ना ताल ना यमक, पण मला सगळी कळली. अंथरुणाला खिळलेल्या बापाला मुलगा रोज उचलतो, पुसतो, पेज भरवतो. लोक डोळे पुसत होते. एक प्रोफेसर माझ्या पाया पडून म्हणाले, "असा मुलगा सगळ्यांना मिळो, अम्मा."

आठ महिने तुझ्या भावोजींना उचललं ते तू आणि तुझ्या लेकाने, महाबळाने. हा एकदा आला, अर्धा तास खाटेशी बसला आणि संध्याकाळच्या बसने गेला.

घरी आल्यावर मी विचारलं, "हे तू कधी केलंस रे?"

"अम्मा, कवितेतला मी म्हणजे मी नव्हे."

"मग तो जो कोण असेल, त्याला वर्षश्राद्धाला पाठव. तू काही यायचा नाहीस."

"माझा विश्वास नाही त्यावर," म्हणाला आणि चष्मा पुसत बसला.

तेव्हा मी सोमवारी परत येते. श्राद्धाला महाबळाला बसव. पानं मांडताना एक जास्तीचं मांड. कवितेतला तो मुलगा आलाच, तर उपाशी जायला नको.

तुझी अक्का,
भागीरथी