सत्यवती कोणाची

शिरोडा,
सोमवार, १९ मे २०२५

प्रिय अनुजा,

तू बरी असशील. इकडे आईचा गुडघा तसाच आहे. किनाऱ्यावर पर्यटक इतके, की बरी मासळी हॉटेलवालेच उचलतात.

रविवारचा आपला गोष्ट रचायचा खेळ अजून चालू आहे. आमच्याच पडवीत, तेच फासे. विनीतदादा सूत्रधार, खेळणारे मी आणि शेजारचा सर्वेश. तू गेलीस तशी तुझी राजकन्या गोष्टीतून गेली, पण तिच्या सोबतीला तू जी गलबत हाकणारी उभी केली होतीस, सत्यवती, ती मागे राहिली. तिला कोणी चालवायचं? सर्वेश म्हणाला, पाळीपाळीने चालवू. दादा म्हणाला, "नको. तिका मीच चालवतलंय." सोबतीची पात्रं सूत्रधाराने चालवणं वावगं नाही, म्हणून आम्ही हो म्हटलं.

मग सत्यवती तुझ्यासारखं बोलू लागली. "बघूया मगे," असं, तुझ्यासारखंच खाली बघून. सर्वेश पहिल्यांदा हसला. नंतर नाही.

पुढे दादाने तिला गलबतावरून उतरवलं आणि घाटावरच्या एका शहरात खोली दिली. खाली शिंप्याचं दुकान, बाहेरून निळा लोखंडी जिना, खिडकीत रंगाच्या डब्यात लावलेली तुळस. समुद्रावरच्या गोष्टीत हे कशाला, असं मला वाटत राहिलं.

काल मी म्हटलं, "दादा, आज सत्यवतीक माझ्याकडे दी. आमका विजयदुर्गाक जावचा आसा."

त्याने तिची खेळातली लाकडी बाहुली मुठीत धरली. "ती खंय येवची नाय. तिच्या खोलयेचा दार भायरसून बंद आसा."

"कोणी केल्यान बंद?" सर्वेशने विचारलं.

"मी. सूत्रधार मी ना?"

सर्वेश उठून गेला. पुन्हा येणार नाही म्हणाला.

आज सकाळी मी तुमच्याकडे नारळ आणायला गेले होते. बोलता बोलता तुझ्या आईला, सुशीलाकाकूला, त्या खोलीचं सांगितलं. काकूने हातातले नारळ खाली ठेवले. "अनुजाची खोली अशीच आसा," म्हणाली. "पत्तो मी कोणाक सांगूक नाय."

तू दादाला लग्नाला नाही म्हटल्यावर तो तुझ्या ऑफिससमोर उभा राहायचा. आई म्हणायची, जीव लावतो, दुसरं काय. उद्या सकाळी तो फोंडाघाटमार्गे कोल्हापूरला निघतोय. काजूचा व्यापारी बघायचा आहे, असं आईला सांगितलंय. आमची काजू एप्रिलमध्येच विकून झाली.

काकूने तुला फोन करून तिथल्या सुगंधामामीकडे जायला सांगितलं असेलच. ती रडत होती, धड बोलली नसेल, म्हणून हे पत्र दुपारच्या एसटीने गंगाराममामांबरोबर मामीकडेच पाठवते. खोलीवर परत जाऊ नकोस, कपड्यांसाठीसुद्धा नाही. मामांना घेऊन पोलीस ठाण्यात जा, हे दाखव, माझं नाव दे. मला विचारायला आले तर जे ऐकलं ते सांगेन. आईसमोर सांगावं लागलं तरी सांगेन.

आत्ता तो अंगणात मोटारसायकल धुतोय. मघाशी मी विचारलं, परत कधी येतलंस? मान वर न करता म्हणाला, "आमी दोघांय येतलंव."

तुझ्या बाजूने उभी, त्याची सख्खी बहीण,
भक्ती