पालथं मडकं

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

नवं कवळगाव, ता. उदगीर
जिल्हा लातूर (उस्मानाबाद लिहीत जाऊ नको, जिल्हा बदलून वर्सं झाली)
सोमवार, २० एप्रिल १९८७

ती. रत्नाक्काला,

धाकट्या कमलचा शरणार्थ.

माझ्या अक्षराला वळण न्हाई. तिसरीतून उठवून अव्वानं चाकापाशी बसवलं, तुला ठाऊकच हाय. जसं बोलते तसं लिहिते. दाजींचा दमा कसा हाय? आम्ही हावोत. इतक्या वर्सांनी कागद पाठवून राहिले तर पहिल्या ओळीलाच फाडू नको. आमच्या शेजारचा बसवंत कागद घेऊन दारात उभा असंल, त्याला आधी पाणी दे. नायगावला पाणी असलं तर.

इकडं न्हाई. तळं आटलं. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन आपण दोघींनी त्या बांधावर माती टाकली, आपल्याच टोपल्यांनी आपलंच गाव बुडवलं. ते गाव आता परत वर आलंय. नंदीचा कट्टा हाय, आडाचं दगडी तोंड हाय, आपल्या घराचा उंबरा बी हाय. घर न्हाई. बाया तळ्याच्या पोटात झिरे खणून वाटीवाटीनं घागर भरतात आन् भांडतात. मी बी भांडते, माझा आवाज तुला ठाऊक हाय.

एक नवीन खूळ निघालंय, ते सांगते. उदगीरच्या मोंढ्यात महादेवप्पा म्हणून हाय, सरकीवाला. त्यानं मिलटरीच्या लिलावातली जीप घेतली. जिल्हा नवा झाला, साहेब नवे आले, पुण्याकडचे, औरंगाबादचे. रविवारी त्यांना करमत न्हाई. महादेवप्पा त्यांना बायकापोरांसकट जीपमधी घालतो आन् तळ्याकाठची कारागीर गावं दाखवतो. आधी आमची कुंभारगल्ली, मग पल्याडच्या काठाला धनगरांची घोंगडी, मग तांड्यावर लमाणी बायांचं भरतकाम. रस्त्यानं गेलं तर तळ्याला केवढा वळसा. तळंच कोरडं म्हणल्यावर जीप सरळ त्याच्या पोटातून जाती. खरं वेड त्याचंच हाय सगळ्यांना. धुराळा, धक्के आन् बायकांच्या किंचाळ्या. मडक्याकडं कोण बघतंय?

एका बाईनं तिचं पोरगं माझ्या चाकावर बसवलं. त्यानं गोळा मोडला, परत मागितला, परत मोडला. बाई म्हणली, "मावशी, मातीच तर आहे."

मी म्हणलं, "माती न्हाई बाई, माझी आजची आंघोळ हाय ती. मोडू द्या, मी तशीच बसते."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत केली.

मुद्द्यावर ये म्हणशील. येऊन राहिले.

आटलेलं तळं वरून पापडासारखं कडक दिसतं आन् खाली लोणी असतं. कुठं मुरूम हाय आन् कुठं गाळ, ते माती काढणाऱ्यालाच कळतं. महादेवप्पा ह्यांच्याकडं आला, म्हणला, "सिद्रामप्पा, माझी जीप तुमच्या भरवशावर." मग ह्यांनी भट्टीत तडकलेली मडकी नेऊन घट्ट जमिनीवर पालथी मांडत वाट काढून दिली. धुराळ्यात दगड दिसत न्हाई, लाल मडकं दिसतं. मडक्यामागं मडकं धरायचं आन् पल्याड निघायचं. आख्खा उन्हाळा कुणाचं चाक रुतलं न्हाई.

जीप चालवायला एक पोरगं हाय. तेच माहिती बी सांगतं. चाक कसं फिरतं, घोंगडीला खळ कुठली लावतात, सगळं तोंडपाठ. मला मावशी म्हणतं. रविवारी आमच्याकडंच जेवतं.

काल जीप वाट सोडून गेली. वारं लई होतं, समोरचा माणूस दिसत नव्हता. आडाच्या अलीकडं पुढचं चाक खाली गेलं. गाळात न्हाई गेलं. पोकळीत गेलं. तिथं आपल्या बसवून पुरलेल्या माणसांची जागा होती, ती पाण्याखाली गेल्यापासून कुणाच्या ध्यानात न्हाई. निशाणीचे दगड वाहून गेलेत. माणसाला बसवताना जी घळ करतात तिचं तोंड ढासळलं आन् चाक तिच्यात बसलं. माणसं कुणी मेली न्हाईत. एका बाईच्या कपाळाला टाका पडला.

बैल लावून जीप मागं ओढली. जंगमस्वामी आले, त्यांनी आत वाकून बघितलं. कोनाड्यात पणती होती. तीन बोटं दाबून वातीची जागा केलेली. अशी पणती ह्या मुलखात एकच बाई करत होती.

अक्का, अव्वा हाय ती.

बसलेलीच होती. एवढंच लिहिते.

आता दुसरं. उभी असलीस तर खाली बस. जीपवरचं पोरगं म्हणजे तुझा वीरभद्र. अडतीवर हमालीची नोंद करतो असं तुला सांगून तो दिवाळीपासून ही गाडी चालवतोय. मला म्हणला, मावशी, अम्माला सांगू नको, तुमचं दोघींचं बोलणं न्हाई तर तुला कुठं सांगायचं कारण पडतंय? मला बी गोड वाटलं. तुझं लेकरू माझ्या ताटात जेवत होतं.

गाव त्याच्यावर उठलंय. साहेबाच्या पोरींपुढं मिजास करायला वाट सोडली म्हणतात. शांतम्मा म्हातारी तर तोंडावर म्हणली, "आजीच्या डोक्यावरून गाडी नेणारा नातू आजवर ऐकला न्हवता बाबा." तो सारखं एकच सांगतोय, तिथं मडकं होतं, मडकं बघून वळलो. लोक म्हणतात, वाट कुठं, आड कुठं, तिथं कोण मडकं मांडतंय? मी काय बोलणार. पोरगं घरात भिंतीकडं तोंड करून पडलंय, जेवत न्हाई.

घळीवर आम्ही फळ्या आन् धोतर टाकलंय. स्वामी म्हणले, गुरुवारी सकाळी परत माती द्यायची. बसवताना दोघी लेकींनी माती दिली होती, आता बी दोघींनीच द्यायची. पाणी यायच्या आधी तू म्हणत होतीस, अव्वाला वर नेऊ. मी म्हणलं, बसलेल्या माणसाला उठवत न्हाईत. त्यावर तू गेलीस, ती गेलीस. भांडायचं उरलं असंल तर माती देऊन झाल्यावर भांड. आधी बसवंतसंगंच एसटीत बस.

वाट बघणारी,
कमल


नवं कवळगाव
मंगळवार, १२ मे १९८७

ती. रत्नाक्का,

शरणार्थ.

पुन्हा बसवंतलाच पाठवून राहिले. पोस्टात मोडंल अशी एक वस्तू संगं दिलीय. ती अजून उघडू नको. आधी कागद वाच, आन् वीरूला बाजूला घालवून वाच.

तू आलीस, लई बरं झालं. मला वाटलं न्हवतं. अव्वाला माती देताना तुझा हात मी खालून धरला, तू काढून घेतला न्हाईस. माझ्या चुलीपाशी बसून अंबिल प्यालीस. एसटीच्या दारात म्हणलीस, "कमले, दिवाळीला ये गं, रुसून बसू नको म्हातारपणी." तेव्हापासून रोज झिऱ्यावर नंबर लावून बसते तर तेच वाक्य तोंडात घोळवते. बाया म्हणतात, कमलम्मा हल्ली भांडत का न्हाई?

महादेवप्पानं दुसरा डायव्हर ठेवला. जीप परत येती. आता अव्वापाशी थांबती. डायव्हर हात करून सांगतो, हीच ती जागा, इथं ह्या लोकांत माणसाला बसवून पुरतात. साहेब लोक खाली उतरतात. एका रविवारी एकानं फोटो काढायला यंत्र डोळ्याला लावलं. मी हातात धोंडा घेऊन उभी राहिले. ते हसत हसत गाडीत बसले. पुढच्या रविवारी जास्तच लोक आले. मडकी बघायला कुणी येत न्हाई, ह्यांनी बी वाटेवरली मडकी सगळी उचलून आणलीत.

परवा बसवंत तुमच्याकडून आला. मी वीरूचं विचारलं. मग म्हणला, घरातच असतो. अव्वाच्या फोटोपुढं जात न्हाई. गळ्यातलं लिंग उतरवून देव्हाऱ्यात ठेवलंय, मी लायक न्हाई म्हणतो. तू रडलीस, दाजींनी हात जोडले, तरी घालत न्हाई.

अक्का, ते ऐकल्यापासून मला अन्न गिळवत न्हाई. कितीदा बसले कागद घेऊन. पाणी आटल्याचंच लिहीत बसते, मग चुलीत घालते. आज न्हाई घालणार.

तळं आटून आड दिसायला लागला तेव्हाच मला जागा कळली होती. अव्वाला बसवलं तेव्हा आडाच्या कडेला टेकून मी रडले होते, कडेचा एक दगड फुटका हाय, तो ध्यानात होता. त्या दगडासमोर दहा पावलांवर अव्वा. मी कुणाला बोलले न्हाई. काय बोलू? इतकी वर्सं पाण्यात ठेवली आन् आता आठवण आली व्हय, असं गाव म्हणलं असतं. तुझ्या कानावर गेलं असतं तर तू म्हणली असतीस.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक हाय. बसवलेल्या माणसावर घरच्या चाकावरचं मडकं पालथं ठेवायचं. बाहेरच्याला ती ठाऊक नसती. वीरूला तू सांगितली नसशील, त्याचं आयुष्य नायगावात गेलं. पाणी आलं तेव्हा अव्वावरचं मडकं वाहून गेलं असंल. म्हणून त्या शनिवारी, दिवेलागणीच्या आधी, मी एक चांगलं मडकं नेलं. तडकलेलं न्हाई, चांगलं वाजणारं. अव्वावर पालथं घातलं, नमस्कार केला आन् घरी येऊन भाकरी टाकल्या. वाटेवर तसलीच मडकी पालथी मांडलीत, हे माझ्या डोक्यात आलं न्हाई. माझ्या लेखी ते वाटेचं मडकं न्हवतं. अव्वाचं होतं.

दुसऱ्या दिवशी वीरूनं धुराळ्यात लाल मडकं बघितलं. त्याला जे शिकवलं तेच त्यानं केलं. मडक्यामागं मडकं धरलं.

मी धावत गेले तेव्हा जीप कलंडलेली, बाया रडत होत्या. वीरू गुडघ्यावर बसून चाकाखालची माती हातानं उपसत होता. मला बघून म्हणला, "मावशी, बघ ना गं, इथंच होतं मडकं. तूच सांग ह्यांना." खापऱ्या पांगल्या होत्या. सगळ्यांत मोठी खापरी माझ्या समोर होती. गळ्याची, माझा अंगठा उमटलेली.

मी तिच्यावर पाय ठेवला.

लोक सरले, तोवर तशीच उभी होते. मग ती पदरात घेतली. बाकीच्या गाळात दाबल्या.

तू आलीस त्या दिवशी चार माणसांत त्याला थोबाडीत मारलीस. "मडकं होतं म्हणे! कुठलं रे मडकं? आजीला तुडवून वर थापा मारतोस?" त्यानं तुझ्याकडं बघितलं न्हाई, माझ्याकडं बघितलं. मला वाटतं त्याला तेव्हा कळलं असंल. का न्हाई कळलं, मला ठाऊक न्हाई. मी तुझा हात धरून म्हणलं, जाऊ दे अक्का, लेकरू हाय. काय मोठेपणा! मला तर अंबिल करायची घाई होती. तू इतक्या वर्सांनी माझ्या घरात बसणार होतीस.

ह्यांना काल सांगितलं. ते चाकापाशी बसले होते. चाक हातानं थांबवलं, परत फिरवलं न्हाई. येत्या सोमवारी मठात स्वामींपुढं सांगणार हाय. शांतम्माला मुद्दाम बोलावणार हाय, तिचं तोंड लई चालतं, गावभर तीच करंल. तू हो म्हण का नको म्हण, मी सांगणार. फक्त गावाच्या आधी तुला कळावं, म्हणून हा कागद.

आता बसवंतकडची फडक्यातली पुरचुंडी उघड. तीच खापरी हाय. वीरूच्या हातावर ठेव. त्याला माझं काही सांगू नको, माफ कर वगैरे अजिबात न्हाई, ते मला बोलता येत न्हाई. एवढंच म्हण की मडकं होतं. मग त्याच्या गळ्यात लिंग तुझ्या हातानं घाल.

दिवाळीचं बोलावणं राहिलं का गेलं, ते कळवायची घाई करू नको. तळ्याला पाणी आलं तर अव्वा परत खाली जाईल. तोवर मी रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसते. मडकं ठेवत न्हाई.

तुझी म्हणून लिहावं का न लिहावं,
कमल