हद्दीपलीकडचा बाक

१२ मे, सोमवार
मेडोलार्क अपार्टमेंट्स, खोली चौदा. मुक्काम टेम्पररी.
खोकी उघडायची नाहीत, असा निश्चय आज पुन्हा केला. एकदा उघडली की माणूस राहायलाच आला असं लोक धरून चालतात. फक्त कॉफीचा कप काढला. आणि बुटांचं पॉलिश. आणि आर्डिसचा फोटो, कारण दोन महिने खोक्यात राहून ती वैतागली असणार.
संध्याकाळी पावलांनी मोजून आलो. कॉर्विन शहराची हद्द पेट्रोल पंपाशी संपते. म्हणजे मी शहराबाहेर फक्त दोनशे दहा फूट आहे. शहराच्या नकाशा खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या पावलांवर विश्वास ठेवावा. दोनशे दहा फूट म्हणजे काही बाहेर नव्हे.

१५ मे, गुरुवार
लोकस्ट स्ट्रीटवरून चक्कर मारली. ४१२ नंबर, आमचं घर, ठीक आहे. अंगणातल्या पाटीवर ‘विकले’ अशी लाल पट्टी चिकटवलीय. हे एजंट लोक भाव चढवायला काय वाटेल ते करतात. कागदांवर सही मीच केली हे खरं, पण ती लिनेटच्या समाधानासाठी. पोरगी फिनिक्सहून दोन विमानं बदलून आली होती. तिला रिकाम्या हाताने कशी परत पाठवायची?

१९ मे, सोमवार
शहराच्या ऑफिसातून रोझॅनचा फोन. गिलमन पार्कचा करार संपत आलाय.
हे होणारच होतं. पार्क अर्धं शहराच्या हद्दीत, अर्धं बाहेर, टॅलबर्ट काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या. चाळीस वर्षं दोघांनी खर्च निम्मा-निम्मा उचलला. मधली रेषा मी स्वतः आखलेली. शहराचा गवत कापणारा सोमवारी येतो, अ‍ॅशच्या झाडापर्यंत कापतो, पातं वर उचलतो आणि वळतो. पुढची एक काडी कापणार नाही. काउंटीचा माणूस येतो गुरुवारी. मधले तीन दिवस पार्क अर्धी दाढी केलेल्या माणसासारखं दिसतं. आर्डिसला त्याचं फार हसू यायचं.
आता शहर म्हणतं, सगळं पार्क आम्ही एकट्याने कसं सोसायचं. काउंटी म्हणते, शहरातल्या लोकांच्या बदकांना आम्ही का पोसायचं. काउंटीने हात काढून घेतला तर तिचा अर्धा भाग बंद. कुंपण घालणार, सामान उचलणार.
आर्डिसचा बाक रेषेच्या चार फूट पलीकडे आहे. जागा मीच निवडली, तळं तिथूनच नीट दिसतं म्हणून. बायको गेली त्या वर्षी बसवला. पितळी पट्टीवर तिचं नाव आणि खाली ‘बसा जरा’. दारात टपालवाला आला तरी ती हेच म्हणायची.
बाक जाणार नाही. मी आहे ना.

२२ मे, गुरुवार
काउंटी बोर्डाची मिटिंग. अध्यक्ष डेल हॅमरलुंड. माझ्या हाताखाली मोजणीची साखळी धरायला होता, आता टाय लावतो. त्याने अट घातली: तीन आठवडे पार्कात वही ठेवा. येणाऱ्याने दर वेळी एक ओळ लिहायची, नाव आणि राहता पत्ता. तीन ओळींत एक ओळ शहराबाहेरच्या माणसाची निघाली, तर काउंटी आपला निम्मा वाटा देत राहील. नाही निघाली तर नाही.
वहीची जबाबदारी सर्वानुमते माझ्यावर आली. दुसऱ्या कोणी हातच वर केला नाही.
निश्चय: रोज चालत जायचं, दोन मैल. तब्येतही सुधारेल.

२ जून, सोमवार
पहिला दिवस. लोकांना वळण लागावं म्हणून पहिली ओळ मीच लिहिली. ऑर्विल लिंडक्विस्ट, ४१२ लोकस्ट स्ट्रीट, शहर. अक्षर सुरेख आलं.
चालत निघालो होतो. पेट्रोल पंपापाशी गुडघा बोलला. पुढे बस घेतली.

५ जून, गुरुवार
खोली बारामधल्या विल्मा क्रान्ट्झबाई रुबार्बचा केक घेऊन आल्या. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं इथेच आहेत, आणि तोंड एक मिनिट बंद नाही. म्हणाल्या, अहो, आपली म्हाताऱ्यांची व्हॅन दर बुधवारी किराण्याला जाते, ती पार्कावरून वळवू या की! अकरा जण आहोत, सगळे शहराबाहेरचे, धडाधड अकरा ओळी होतील तुमच्या.
मी सांगितलं, माणसं गाडीत भरून आणणं नियमात बसत नाही. शिवाय इथल्या लोकांशी माझी ओळख नाही. ते कायमचे राहणारे.
त्या म्हणाल्या, आणि तुम्ही काय, हवापालटाला आलाय?
स्वतःच खो खो हसल्या. मी हसलो नाही. केकचे मात्र दोन तुकडे खाल्ले.

११ जून, बुधवार
पाऊस. दिवसभरात चार ओळी, त्यांतली एक माझी.
लिनेटचा फोन. खोकी उघडलीस का? म्हटलं, जवळजवळ. मग म्हणाली, डॅड, घराचे नवे मालक विचारत होते, गॅरेजमधली शिडी तुझी आहे का. मी म्हटलं, त्यांना सांग तिथेच असू दे, पानगळीत पन्हळी साफ करायला मला लागेल. ती म्हणाली, काय म्हणालास? फिनिक्सची लाइन नेहमीच खराब असते.

१६ जून, सोमवार
रोझॅन वहीची पानं न्यायला पार्कात आली. पानं चाळता चाळता थांबली. म्हणाली, मिस्टर लिंडक्विस्ट, रागावू नका हं, पण तुमच्या ओळीतला पत्ता बरोबर आहे ना? आमचं टपाल तुम्हाला मेडोलार्कला जातं, म्हणून विचारलं.
मी म्हटलं, पोरी, तुझ्या ऑफिसातल्या भिंतीवर जो नकाशा आहे तो मी काढलाय. शहर कुठे संपतं ते मला शिकवू नकोस.
कानापर्यंत लाल झाली बिचारी. सॉरी म्हणाली. आवाज जरा चढला माझा. उद्या तिला चॉकलेट नेऊन द्यायचं.

१७ जून, मंगळवार
चॉकलेट राहिलं.

२२ जून, रविवार
शेवटचा दिवस. दुपारी विल्माबाई स्वतःची गाडी काढून आल्या, सोबत मेडोलार्कच्या दोघी. वहीत टपोऱ्या अक्षरात लिहिलं: मेडोलार्क, खोली बारा, शहराबाहेर. मग पेन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, घ्या, तुमची ओळ राहिलीय.
मी लिहिली. लोकस्ट स्ट्रीट.
त्यांनी वाचलं. पेन आत ठेवून वही मिटली. पितळी पट्टी मोठ्याने वाचली, आणि आर्डिसच्या बाकावर जाऊन बसल्या. बराच वेळ बदकं बघत होत्या.

२३ जून, सोमवार
एकूण ओळी तीनशे. शहराबाहेरच्या शंभर हव्या होत्या. निघाल्या शहाऐंशी. तीनदा मोजल्या.
माझ्या एकवीस ओळी शहराच्या रकान्यात आहेत. त्या पलीकडे धरल्या तर एकशे सात होतात. ही बेरीज मी मुद्दाम केली नाही, ती आपोआप झाली.
पण खोटं लिहायचं नाही. नकाशा खात्यात हेच शिकलो.
नीट झोप लागली नाही. गादी इथली.

८ जुलै, मंगळवार
बोर्डाची मिटिंग. डेलने आकडे वाचले. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाला, ऑर्विल, मत घ्यायच्या आधी विचारतो, एखाद्या ओळीबद्दल काही सांगायचंय का? चूक राहिली असेल तर अजून दुरुस्त करता येईल. कोणी काही म्हणणार नाही.
माझ्याकडेच बघत राहिला. रोझॅनही. मागच्या रांगेत विल्माबाईंना खोकला आला, नको तितका.
मी उभा राहिलो. म्हटलं, एकेका ओळीची खात्री मी देतो. सगळी वही बरोबर आहे.
डेल म्हणाला, बरं. दोनदा म्हणाला.
पाच विरुद्ध शून्य. काउंटीचा वाटा बंद.
निश्चय: गव्हर्नरला पत्र. असं पत्र, की वाचून हलले पाहिजेत.

१० जुलै, गुरुवार
पत्र लिहिलं, चार पानं, सडेतोड. पाकिटाच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता तेवढा राहिलाय. उद्या घालतो.

२१ जुलै, सोमवार
पाकीट अजून टेबलावर. कोपरा कोरा.
पार्कात गेलो होतो. अ‍ॅशच्या अलीकडे गवत कापलेलं, पलीकडे गुडघाभर. बाकाचे पाय दिसत नाहीत. कात्री नेली होती, स्वयंपाकघरातली. वाकलो, थोडं कापलं. मग उठता येईना. एका मुलीने हात दिला, तिला वाटलं माझं काही हरवलंय.

१४ ऑगस्ट, गुरुवार
कुंपण घातलंय. बाक नाही.
कुंपणवाल्याला विचारलं. म्हणाला, काका, सकाळीच ट्रकमधून गेला. आठवणीचे बाक आम्ही टाकून देत नाही हो, घरच्यांकडे पोचवतो. वहीत पत्ता होताच.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
लोकस्ट स्ट्रीटला गेलो. घराला पिवळा रंग दिलाय. अंगणात, आर्डिसच्या पिओनीच्या फुलझाडांच्या जागी वाळूचा चौकोन, त्यात लहान मुलाची चप्पल. बाक पोर्चसमोर.
दार एका तरुण बाईने उघडलं. कडेवर मूल, हाताला पीठ. म्हणाली, चुकून आमच्याकडे आला बघा, आणि हे नाव तर आमच्या घरात कोणाचंच नाही. तुमच्या पत्नी का? मग माझ्याकडे बघून म्हणाली, अहो, उभे का, बसा जरा.
बसलो. दुसरं काही सुचलंच नाही. तिथून आमची स्वयंपाकघराची खिडकी दिसते. पडदे हिरवे आहेत.
ती म्हणाली, ट्रकवाल्याला मी फोन करते, पत्ता कुठला देऊ? आणि कागद-पेन पुढे केलं. मूल पेन ओढत होतं.
लिहिलं. ऑर्विल लिंडक्विस्ट, मेडोलार्क अपार्टमेंट्स, खोली चौदा, शहराबाहेर, टॅलबर्ट काउंटी. अक्षर वाईट आलं. शिडी राहू द्या म्हटलं, तुम्हालाच लागेल.
चार वाजता बाक इथे पोचला. खोलीच्या दारातून आत जाईना, सात इंच कमी पडले. एकतीस वर्षं मोजणीत काढली, आणि दार मोजायचं सुचलं नाही. मग भिंतीशी बाहेरच ठेवला, पेट्रोल पंपाकडे तोंड करून. विल्माबाई आल्या आणि एका टोकाला बसल्या.
पार्कातली वही बंद होऊन चौपन्न दिवस झाले.
आर्डिस, एवढंच लिहायचं होतं गं मला. एकवीसदा पेन हातात होतं.