कागद क्रमांक ४१७

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? मी तब्येतीने ठीक आहे. बाकीचं लांबलचक आहे, म्हणून टाइप करते आहे.

ज्यांच्यात नेहमी गोंधळ होतो अशा इंग्रजी विशेषणांची तू पाठवलेली यादी मी मोठ्या अक्षरांत टाइप करून प्रयोगशाळेत माझ्या वजनकाट्याच्या वर चिकटवली. (घरच्या भिंतीला ओल आहे.) आमच्याकडे भिंतीवरचा प्रत्येक कागद म्हणजे कामाचा नियम आणि त्याला क्रमांक लागतो, हे मला ठाऊक होतं. पण विशेषणांना कोण विचारतंय, असं वाटलं. तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं. साहेबांनी कागद काढण्याऐवजी (काढला तर चूक कबूल केल्यासारखं होतं) त्याला जागच्या जागी क्रमांक दिला, ४१७. क्रमांक मिळाला की नियम लागू, नियम लागू झाला की सगळ्यांची परीक्षा. सोमवारी अकरा माणसांनी यंत्रं बंद ठेवून ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ यांतला फरक लिहिला. भट्टीवाले काका दोन महिन्यांनी निवृत्त होणार आहेत. ते मला म्हणाले, “पोरी, भट्टी तापते. तिला विशेषण कशाला?”

निकाल लागला. सगळे पास, काकासुद्धा. नापास एकटी मी. (पुन्हा वाच. मीही तीनदा वाचलं.) यादीच्या सोळाव्या ओळीत ‘सेन्सिबल’पुढे हळवा आणि ‘सेन्सिटिव्ह’पुढे समंजस असं उलटं आहे. बाकीच्यांनी यादी पाठ केली. मी आपलं जे खरं ते लिहिलं. आमच्याकडे एक उत्तर चुकलं तरी नापास, आणि नापास माणसाला काट्याला हात लावता येत नाही. मला नोकरीत कायम करायचं की नाही, ते याच महिनाअखेर ठरणार आहे. सध्या मी स्टुलावर बसून माझा काटा काकांना वापरताना बघते. ते त्यावरची धूळ तोंडाने फुंकतात.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. : नियमातली चूक फक्त मूळ लेखकाच्या सहीने दुरुस्त होते. “सोळाव्या ओळीत माझ्याकडून अदलाबदल झाली” एवढं लिहून सही कर, तारीख घाल. तीस वर्षं शिकवलंस, पण तुझी एकही चूक कुणाला सापडली नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच मागणं जड जातंय.

ता. क. २ : तुझ्या अक्षरातली मूळ यादी आत्ताच पर्समध्ये सापडली. तीत बरोबर आहे. टाइप करताना मीच उलटं केलं. तरी सही तूच कर. तू निवृत्त आहेस, तुला आता कोणी नापास करू शकत नाही.