गाडीला धाप लागली त्याची हकीकत

चि. भुंग्यास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? सूनबाईंची परीक्षा पार पडली असेल. ती पास होणार यात शंका नाही, पण तिच्या अभ्यासापायी तुला स्वयंपाक करावा लागला, त्यातून तुम्ही दोघं धडधाकट बाहेर पडलात ना, ते कळव. दादाचं (म्हणजे तुझ्या वडिलांचं) ब्लडप्रेशर किती आहे तेही कळव. अंदाजे नको, मोजून.

माझी तब्येत ठणठणीत आहे. बिघडली होती ती तुझ्या आतोबांची गाडी. तू फोनवर "आत्या, भंगारात दे" म्हणून मोकळा झालास. एवढ्या मोठ्या कारखान्यात इंजिनियर असलास तरी लहानपणी तू घड्याळ उघडून परत जोडलंस तेव्हा तीन चाकं उरली होती हे मला आठवतं, म्हणून तुझा सल्ला मी मनावर घेतला नाही.

आतोबा गेल्यापासून गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. अधूनमधून जाऊन मी ती नुसती चालू करायची, थोडा वेळ आवाज ऐकायची आणि बंद करायची. (हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.) पण बाजारात जायचं तर याला विचार, दवाखान्यात जायचं तर तिचे पाय धर, याचा मला वीट आला आणि ठरवलं, आता ही आपणच चालवायची. चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. शिकवताना इतके ओरडले होते की पुढे आयुष्यात मला कुठल्याही हॉर्नची भीती वाटली नाही.

तर गाडी बाहेर काढली आणि खाली बघते तो ऑइलचं तळं. गॅरेजवाल्याने एक पॅकिंग बदललं, तर दुसरीकडून गळायला लागलं. दुसरं बदललं, तिसरीकडून. शेवटी तो म्हणाला, अख्खं इंजिन उतरवून उघडावं लागेल. मी म्हटलं, बाबा, शिंक आली म्हणून कोणी पोट फाडत नाही, आणि गाडी घरी घेऊन आले. आता माझं मीच बघायचं ठरवलं. बॉनेट उघडून नीट पाहिलं, तर इंजिनाच्या कुशीत एक आखूड पाइप होता आणि त्यातून चुलीसारखा धूर फुसफुसत होता. मला वाटलं, सापडलं! धूर येतो म्हणजे भोक पडलंय, भोक पडलंय म्हणजे बुजवलं पाहिजे. औषधाच्या बाटलीचं बूच चिंधीत गुंडाळून मी त्या पाइपात ठोकून बसवलं. (हसू नकोस. पुढे आहे.)

समोरच्या घरात दातांचे डॉक्टर राहतात, तू त्यांना पाहिलं असशील. उंच, किंचित वाकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. हल्लीच दवाखाना बंद केला, त्यामुळे दिवसभर हात चोळत गॅलरीत बसलेले. आमची ओळख मान हलवण्यापुरती. त्या दिवशी ते धुराची तक्रार करायला पांढरा शर्ट घालून आले, आणि नेमकी तेव्हाच मी गाडी चालू करून जरा रेस केली. ऑइल मोजायची पट्टी बंदुकीच्या गोळीसारखी सुटली आणि मागोमाग जी काळी पिचकारी उडाली, ती डॉक्टरांच्या थेट गळ्यापासून पोटापर्यंत! मला वाटलं, धरणीमाय पोटात घे. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, इंजिनावर वाकले आणि माझ्या बुचाकडे बघत हळूच म्हणाले, "बाई, हिला गुदमरतंय हो."

मग त्यांनी समजावलं. जुन्या इंजिनात पिस्टनच्या कडेने थोडा थोडा जळका वायू खालच्या ऑइलच्या डब्यात उतरतोच. तो बाहेर पडायला तो पाइप, त्याला ब्रीदर म्हणतात. ती वाट तुंबली की आत दाब वाढतो, आणि मग ऑइल जिथे फट मिळेल तिथून बाहेर पडतं. (आपल्या दादाचंच बघ. मनातलं एकदा बोलून टाकत नाही, मग भाजीत मीठ कमी म्हणून आदळआपट.) गॅरेजवाला बिचारा फटी बुजवत बसला होता, आणि मी तर नाकच बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आपली जुनी हत्यारं घेऊन हजर. ते आकडे, त्या सुया, तो छोटा गोल आरसासुद्धा. ब्रीदर सोडवला तर आतली तारेची जाळी डांबरासारख्या काळ्या चिकट राडीने गच्च भरलेली. रॉकेलमध्ये भिजवून ते एकेक छिद्र टोकरत बसले. हात जराही थरथरत नव्हते. मध्येच सवयीने "दुखलं तर सांगा" म्हणाले, आणि आम्ही दोघंही असे हसलो की मला ठसका लागला. त्या शेडमध्ये कोणी हसल्याला किती काळ लोटला होता, ते तेव्हा लक्षात आलं.

पण माणूस उत्साही. नवी रबरी नळी आणली आणि म्हणाले, इंजिन जिथे सर्वांत जोरात हवा ओढतं तिथेच ही जोडू, म्हणजे घाण झटक्यात बाहेर. जोडली. इंजिनाने वायूबरोबर ऑइलही घटाघटा प्यायला सुरुवात केली आणि सायलेन्सरमधून असा निळा धूर निघाला की आधी गल्ली दिसेना, मग डॉक्टर दिसेनात. कुणीतरी बंब बोलावला. बंबाचा प्रमुख आम्हाला झापायला तरातरा उतरला, पण डॉक्टरांना पाहताच तोंड मिटून उभा राहिला. (डॉक्टरांनी करून दिलेली कवळी तो लावत नव्हता.) मानेनेच "असू दे" म्हणून गेला.

डॉक्टर फार खजील झाले. म्हणाले, "तुमच्या मिस्टरांची गाडी. मी उगाच हात घातला." मी म्हटलं, "त्यांनी तर एकदा हिचं इंजिन चालू करायचं हँडलच उलटं फिरवून मनगट मोडून घेतलं होतं. तुमचं त्या मानाने बरं चाललंय. चहा घ्या आणि परत वाका."

मग नळी एअर फिल्टरच्या बाजूला जोडली, जिथे ओढ सौम्य असते. परीक्षा अशी, की ऑइल भरायचं झाकण काढून त्या तोंडावर कागद धरायचा. फडफडून उडाला तर दाब अजून आहे, अलगद चिकटला तर श्वास सुरळीत. कागद मी धरला. तो हलला, आणि हळूच चिकटून बसला. मला एकदम आतोबांची आठवण आली आणि डोळे भरून आले. डॉक्टर मुद्दाम पाना शोधायला पलीकडे गेले. पाना त्यांच्या हातातच होता.

चक्कर मारायला निघालो तेव्हा त्यांनी दाराशी थांबून विचारलं, "मी मागे बसू?" मी जरा विचार केला. मग म्हटलं, "पुढे बसा. मागून काही ऐकू येत नाही." नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. गाडी लोण्यासारखी चालली. असो, फार लांबलं. सूनबाईंना आशीर्वाद, गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
आत्या

ता.क. गाडी अजून मागच्या बाजूने थेंब थेंब गळते. डॉक्टर म्हणतात, एवढं या वयात चालायचंच, खाली ताटली ठेवा.

ता.क. दुसरा. पुढच्या महिन्यात मी आणि डॉक्टर नोंदणी पद्धतीने लग्न करतोय. दादाला तू सांग. तो फक्त तुझं ऐकतो. आधी गाडीचं सांग. तो गाडीवरून चिडून दमला, की बाकीचं सांग. आणि साक्षीदार म्हणून सही करायला ये.

ता.क. तिसरा. दादा विचारेल, लोक काय म्हणतील? त्याला सांग, लोकांना मी केव्हाच सांगितलंय. घाबरत होते ती फक्त तुम्हा दोघांना सांगायला.