ताटातल्या बारा वस्तू

१० सप्टेंबर

सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

१. शाळा सुरू होण्याआधी ताटात बारा वस्तू मांडल्या, तुमच्या ठकीला मिनिटभर दाखवल्या, झाकल्या. तिला सहा आठवल्या.
२. शाळेला तीन महिने झाल्यावर, काल, पुन्हा तेच केलं. वस्तू नव्या.
३. ती वस्तू सरकवू लागली. मी तिला हात मागे बांधायला लावले.
४. चार आठवल्या.

तुम्ही विचारलंत म्हणून कळवलं. मी वजनकाटे तपासते. आकडा सांगते, कारण नाही. दादाच्या मते पोरगी माझ्यापुढे घाबरते. त्याचं मनावर घेऊ नका.

लोभ आहे तसाच राहू द्या.

नणंद

१६ सप्टेंबर

चि. वन्संस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे तपासणीचा दाखलाच, शिक्का तेवढा राहिला. पण वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. मागच्या सुट्टीत आले तेव्हा विचारलं शाळेत काय शिकलीस, तर म्हणाली काही नाही. आधी हीच पोर अख्खी गोष्ट पाठ म्हणायची. पाचव्या वर्षी शाळेत घालायची घाई मीच केली. माझं प्रशिक्षण संपेपर्यंत तिला घरीच राहू दे. नाव काढण्याचा अर्ज सही करून सोबत ठेवलाय, तो बाईंना दे. आणि तुझ्या दादाला सांग, तुला घाबरण्यात पहिला नंबर त्याचाच.

सगळ्यांची आठवण काढणारी,
वहिनी

२१ सप्टेंबर

सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

अर्ज दिलेला नाही. चूक माझी आहे.

काल ठकी आपणहून ताट घेऊन आली आणि म्हणाली, आज आत्याने हात मागे बांधायचे. मी बांधले. तिने वस्तूंच्या तीन रांगा केल्या: कापणाऱ्या, लिहिणाऱ्या, खायच्या. मग फडकं टाकून एकेका वर्गाची हजेरी घेतली. अकरा सांगून झाल्यावर लिहिणाऱ्यांत एकजण गैरहजर आहे म्हणाली, आणि खोडरबर आठवला. तो कुठे लिहितो, असं मी विचारलं. लिहीत नाही, पण त्याच बाकावर बसतो, असं उत्तर मिळालं. दादा हसून खुर्चीवरून पडायचाच राहिला. मीही हसले.

अशा रांगा लावणं तिला आधी येत नव्हतं. बाईंना विचारलं, तर वर्गात रोज सगळं सामान मुलंच लावतात म्हणाल्या. म्हणजे त्या दिवशी वस्तू सरकवताना ठकी आठवण्याचीच तयारी करत होती आणि मी नेमके तिचे हात अडवले. पारडं धरून ठेवून वजन घेतल्यासारखं झालं.

तुमचा लोभ मला हवाच आहे. अर्ज माझ्या खणात आहे. फाडू का, ते शुक्रवारपर्यंत कळवा.

नणंद